तीस सेकंदांच्या विजेला ग्राहक शोधताना

सुपरकपॅसिटरवर, म्हणजे थोडीच पण झटकन वीज देणाऱ्या साठवण-घटकांवर, चालणारी आमची बॅकअप मॉड्यूल्स तयार झाली, तेव्हा ती जिथे वीज जाते तिथे विकली जातील असे मी गृहीत धरले होते. त्या भरवशावर कित्येक महिने कार्यालये आणि लहान कारखाने पालथे घातले, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच आला : "किती तास चालेल?" सुपरकपॅसिटरमध्ये किलोमागे साधारण ५ वॅट-तास ऊर्जा मावते, लिथियम-आयन बॅटरीत १५० किंवा त्याहून अधिक, तासांच्या हिशेबात आमचा निभाव लागणे शक्यच नव्हते.

मग मी प्रश्नच बदलला. जुनी बॅटरी बदलायला कोण जाते, आणि तोवर काय बंद ठेवावे लागते, हे मी देखभाल करणाऱ्यांनाच विचारू लागलो. खरेदी विभागाला हे क्वचितच ठाऊक असते. एका पवनचक्की तंत्रज्ञाने उत्तरादाखल कडा फुगलेली एक लेड-ॲसिड बॅटरी माझ्यासमोर ठेवली. ती मनोऱ्याच्या टोकाला, पात्यांसोबत फिरणाऱ्या हबमध्ये बसते. विजेच्या मोटारींनी पाती वळवणाऱ्या चक्कीत ग्रिड तुटले, तर याच बॅटरीच्या जोरावर पाती वाऱ्याला कड देऊन उभी करावी लागतात. काम काही सेकंदांचे, पण त्यात हयगय चालत नाही. हादरे आणि उष्णता यांनी बॅटरी लवकर खचते, आणि ती बदलायची म्हणजे चक्की थांबवून जड ओझे वर चढवायचे. आम्हाला हवे होते ते नेमके हेच काम होते.

त्यापुढची खटपट मोठी होती. सुपरकपॅसिटरचे व्होल्टेज वापराबरोबर सतत उतरत जाते. ते निम्म्यावर येईपर्यंत साठ्यातील ७५ टक्के ऊर्जा खर्च झालेली असते, म्हणून इतक्या कमी व्होल्टेजवरही मोटारींचा ड्राइव्ह (त्यांना वीज पुरवून नियंत्रित करणारे यंत्र) चालेल याची खात्री करावी लागली. चार्जरही बदलावा लागला. चाचणीच्या दिवशी ग्रिडचा पुरवठा मुद्दाम तोडला, तेव्हा तिन्ही पाती संथपणे वळून स्थिर झालेली मी खाली उभा राहून पाहिली.

आता तोच प्रश्न घेऊन मी डिझेल जनरेटर सांभाळणाऱ्यांकडे जातो आहे, कारण ऐन वेळी जनरेटर सुरू होत नाही तेव्हा अनेकदा इंजिन ठणठणीत असते आणि उतरलेली असते ती ते सुरू करणारी बॅटरी.