तुम्ही विचारलंत म्हणून: झोपेत श्वास थांबल्यावर उठवतं कोण?

लातूरच्या एका खासगी दवाखान्यात मी रात्रपाळीला झोपेची तपासणी करते. पेशंटला तारा लावायला घेतल्या की घरची बाई हमखास विचारते, "ताई, ह्यांचा श्वास मधीच बंद पडतो अन् मग दचकून उठतात. उठायचं कळतं कसं ओ ह्यांना?" आणि लगेच पुढचं, "नवीन एसी घेतलाय, खिडक्या गच्च लावून झोपतो. त्यानं तर नसंल?"

बहुतेकांना वाटतं, ऑक्सिजन कमी पडला म्हणून जाग येते. पण ऑक्सिजन उठवण्याच्या कामी कच्चाच. नुसता तेवढाच कमी केला तर रक्तातलं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत उतरलं तरी काही माणसं झोपलेलीच राहतात. खरी हाक कार्बन डायऑक्साइडची. श्वास अडला की तो रक्तात साचतो, रक्त जरा आंबट होतं आणि मेंदूच्या देठातल्या पेशींना ते लगेच कळतं. त्यांतल्या काही सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या पेशी नसलेले उंदीर तपासले. कार्बन डायऑक्साइड वाढवला तरी ते उठेनात. आवाज केला, ऑक्सिजन कमी केला, की उठत होते. म्हणजे या वायूसाठी मेंदूत वेगळी घंटा आहे.

स्क्रीनवर हे सगळं दिसतं. नाकातल्या हवेची रेघ सपाट होते. छातीचा आणि पोटाचा पट्टा मात्र हलत असतो, एकमेकांच्या उलट. माणूस ओढतोय, पण घसा मिटलाय. दर ओढीला जोर वाढतो. वीस-तीस सेकंदांनी मेंदूच्या रेघा एकदम दाट होतात, दणदणीत घोरणं ऐकू येतं, कूस बदलते आणि हवा सुरू. काही सेकंदांची ही जाग. तासाला तीस वेळा असं झालं तर हा झोपेत श्वास अडण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, तीव्र धरतात. अन् सकाळी काका म्हणणार, "झकास झोप लागली बघा!" दिवसा दुकानात गल्ल्यावर पेंगतात ते वेगळं.

आता एसी. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ४२० च्या आसपास. बंद खोलीत दोघं झोपले की पहाटेपर्यंत दोन हजारांच्या वर सहज जातो. तरी तो ०.२ टक्के, आपण सोडतो त्या श्वासात चार टक्के असतो. एवढ्यानं कुणी दचकून उठत नाही. खोली कोंदट होते, सकाळी डोकं जड वाटू शकतं. कूलर होता तेव्हा खिडकी उघडी ठेवावीच लागायची, नाहीतर नुसता दमटपणा. एसीनं ती सवय मोडली. खिडकीची फट ठेवा, पण ह्यांच्या घशाचा दोष खोलीवर ढकलू नका.

रात्रीची दारू मात्र खरंच घात करते: घसा आणखी सैल पडतो आणि जागही उशिरा येते. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांना घोरण्याचं सांगितल्याशिवाय घेऊ नका.

आणि थंडीत खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावणारे अजून आहेत. तिच्यातून निघतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, जीव घाबरा होत नाही, आणि वर सांगितलेली घंटा त्याच्यासाठी वाजतच नाही.