फॉलबॅक रिले चालू होता, म्हणूनच बिघाड दिसला नाही

इंदूरमधील एका मराठी वाचनालयाचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या या सर्व्हरवरून सभासदांना व्याख्यानांची निमंत्रणे आणि वर्गणीच्या पावत्या जातात. दिवाळीच्या सुमारास रामबागेतील काही ज्येष्ठ सभासदांनी निमंत्रण स्पॅममध्ये सापडल्याचे कळवले. पाठवायच्या मेलची रांग पाहिली तर रिकामी होती आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, प्रत्येक मेलपुढे ‘सेंट’ अशी नोंद होती.

अशा वेळी ‘सेंट’वर न थांबता त्याच ओळीतील रिलेचे, म्हणजे आपला मेल पुढे पोहोचवणाऱ्या सर्व्हरचे, नाव वाचावे. तिथे मुख्य रिलेऐवजी सर्वत्र फॉलबॅक रिलेचे, म्हणजे मुख्य रिले चालला नाही तर वापरायच्या पर्यायी रिलेचे, नाव होते. शिवाय त्याच ओळीत विलंब दाखवणाऱ्या ‘डिलेज’मधील चार आकड्यांपैकी तिसरा, म्हणजे जोडणीला लागलेला वेळ, दर वेळी तीस सेकंदांच्या किंचित वर होता. जोडणीसाठी थांबण्याची पोस्टफिक्सची मूळ मुदत ३० सेकंदांचीच असल्यामुळे, मुख्य रिलेची वाट पाहून मेल दुसऱ्या वाटेने जात आहे हे स्पष्ट झाले.

कारण पोस्टफिक्सच्या सेटिंगमधील रिलेहोस्टच्या, म्हणजे मुख्य रिलेचे नाव लिहिण्याच्या, ओळीत होते. तिथे पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) लिहिला नसेल तर पोस्टफिक्स २५ वापरतो, आणि आमच्या इंटरनेट सेवादाराने बाहेर जाणारा २५ पोर्ट बंद केला होता. मी यजमाननाव चौकटी कंसात ठेवून, म्हणजे एमएक्स नोंदी (डोमेनचा मेल कोणते सर्व्हर घेतात ते सांगणाऱ्या नोंदी) न शोधता थेट त्याच यंत्राकडे जाण्याची सूचना कायम ठेवून, पुढे ५८७ जोडले. मात्र एवढ्याने भागत नाही: रिलेवर लॉगिन करण्यासाठीच्या पासवर्डच्या तक्त्यातील डावीकडची नोंद रिलेहोस्टच्या ओळीशी कंस आणि पोर्टसकट तंतोतंत जुळावी लागते, आणि तक्ता बदलल्यावर तो पोस्टफिक्सला वाचता येईल अशा रूपात आणणारी पोस्टमॅप ही आज्ञा चालवावी लागते. ही नोंद जुनीच राहिली तर जोडणी होते, पण लॉगिन होत नाही; मग शोध उगाच टीएलएसच्या, म्हणजे जोडणीच्या कूटबद्धतेच्या, मागे लागतो.

स्पॅमचे मूळ मात्र वेगळे होते. डोमेनच्या एसपीएफ नोंदीत (आपल्या नावाने मेल पाठवण्याची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे ती यादी) केवळ मुख्य रिलेचा समावेश होता आणि डीकेआयएम सहीसुद्धा (मेल खरोखर आपल्याच डोमेनचा असल्याची डिजिटल खूण) तोच रिले करत असे. त्यामुळे फॉलबॅकने गेलेल्या मेलला दोन्हींपैकी एकाचाही आधार नव्हता, आणि जीमेल फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक प्रेषकाकडून निदान एकाची अपेक्षा ठेवते. मी एसपीएफमध्ये दुसऱ्या रिलेची भर घातली आणि सही आपल्याच सर्व्हरवर होईल अशी व्यवस्था केली. सही मेलसोबतच जात असल्यामुळे रिले कोणताही असो, ती टिकते, आणि माझ्या मते ही व्यवस्था पहिल्या दिवसापासूनच असायला हवी.

फॉलबॅक रिले तात्पुरत्या अपयशातच मदतीला येतो, हेही ध्यानात ठेवावे. मुख्य रिलेकडून ५ ने सुरू होणाऱ्या कोडाचा कायमचा नकार मिळाला तर मेल दुसरीकडे न वळता प्रेषकाकडे परत येतो.

आता महिन्यातून एकदा फायरवॉलमध्ये मुख्य रिलेची वाट मुद्दाम बंद करून मी स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवतो आणि ‘मूळ संदेश’ उघडून एसपीएफ व डीकेआयएम या दोन्हींपुढे ‘पास’ आहे ना, ते पाहतो. शिवाय लॉगमध्ये फॉलबॅकचे नाव आले की कोषाध्यक्षांना आणि मला सूचना येते.