ग्लिका नेरा : लाटेपासून चार पावलांवर गोडे पाणी

क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, होरा स्फाकियोन आणि लुत्रो या गावांच्या दरम्यान, ग्लिका नेरा नावाचा गोट्यांचा किनारा आहे. तिथे मोटारीचा रस्ता पोहोचत नाही. पिण्याजोग्या पाण्याला ग्रीक भाषेतही आपल्यासारखेच 'गोडे पाणी' म्हणतात आणि या नावाचा अर्थ तोच आहे.

सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे हानिया शहरातून सुमारे 70 किलोमीटरचा बसप्रवास करून होरा स्फाकियोनला मुक्कामी गेलो व दुसऱ्या दिवशी उजाडताच पायी निघालो. अनोपोलीकडे चढणाऱ्या डांबरी रस्त्याच्या पहिल्या मोठ्या वळणावर ई4 या लांब पल्ल्याच्या युरोपीय पदभ्रमण मार्गाची पायवाट फुटते. तिथून तासभर उजवीकडे कडा आणि डावीकडे खोल खाली लिबियन समुद्र असतो. काही अंतर वाट कड्याच्या अंगातूनच जाते व तिला कठडा नाही. उंचीवर ज्यांना भोवळ येते त्यांनी बोटीनेच यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

मागचे लेफ्का ओरी पर्वत चुनखडीचे असल्यामुळे तिथले पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी खडकात मुरते व थेट या किनाऱ्यावर गोट्यांखालून वर येते. हाताने गोटे सारून वीतभर खड्डा केला, तोच तळाशी थंडगार पाणी जमू लागले. उन्हाळ्यात कोरड्या नदीपात्रात झिरे उकरून घागरी भरणाऱ्या गावात माझे बालपण गेले. समुद्राच्या इतक्या जवळ ते पाणी ओंजळीत घेताना मला आईची फार आठवण झाली. पोहतानाही उबदार पाण्यात मध्येच गारव्याचा पट्टा लागतो, तो याच झऱ्यांचा.

या झऱ्यांजवळ साबण मुळीच वापरू नये. वाटेवर सावली वा पाणी नसल्याने माणशी दोन लिटर पाणी सोबत असावे, बूट घट्ट तळव्याचे असावेत आणि वरून दगड सुटत असल्यामुळे कड्याच्या पायथ्याशी बसू नये. उन्हाळी हंगामात दोन्ही गावांतून छोट्या बोटी येतात, परंतु वारा वाढला की त्या बंद होतात. म्हणून आदल्या संध्याकाळी बंदरावर चौकशी करावी आणि परत चालण्याइतकी ताकद व वेळ राखून ठेवावा. आम्ही पुढे लुत्रोपर्यंत चालत गेलो. त्या गावालाही रस्ता नसल्यामुळे शेवटच्या बोटीची वेळ सकाळी निघण्यापूर्वीच टिपून घ्यावी.