जरा हळू

रविवार, रात्री उशिरा

दुपारपासून तेच एक वाक्य डोक्यात घोळतंय. 'मावशी, तुम्ही जरा हळू म्हणाल का?' चर्चमधली उपासना सुटल्यावर, चहाच्या वेळी, माइकवर गाणारी पोरगी माझा हात हातात घेऊन म्हणाली. नव्या माइकमध्ये माझाच आवाज वर येतो म्हणे, आणि सूर सुटतो. सुटत असेल. खोकला अजून गेलेला नाही, आणि रात्रीची झोप... ते असो.

पण उपकारस्तुतीचं गीत हळू कसं म्हणायचं? बाकी सगळं हळूच तर चाललंय. दवाखान्यात हळू बोलायचं, दादाशी फोनवर हळू, घरात पाऊलसुद्धा हळू. आठवड्यातून एकदा मंडळीत उभी राहते, छातीभर श्वास घेते, देवा, तू अजून सांभाळतोयस एवढं त्याला सांगते. तेही जास्त झालं? रिक्षात डोळे भरून आले. आत्ता लिहितानाही येताहेत.

फिलिप्पैच्या तुरुंगात ख्रिस्ताचे प्रचारक पौल आणि सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री गात होते. बाकीचे कैदी ऐकत होते, असं बायबलात, प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ मध्ये आहे. त्यांचा सूर कसा होता ते हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने सांगितलेलं नाही.

जेवणानंतर आईचं 'उपासना संगीत', चर्चच्या गीतांचं पुस्तक, काढलं. पानं सुटी झालीत. कवी नारायण वामन टिळकांच्या गीतांपाशी तिच्या पेन्सिलीच्या खुणा. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले, पण अभंग सोडला नाही. म्हणून तर आईला, जिला पेटीतलं काही कळत नव्हतं, झांजा घेऊन ख्रिस्ताचं भजन म्हणता आलं. आवाज भसाडा. चेहरा मात्र असा उजळायचा, की तिला दुसरं काही दिसतच नसे.

आणि मी तिला कोपराने ढोसायचे. 'आई, हळू ना!' पाळकसाहेबांच्या मुली मागे वळून बघायच्या म्हणून. दहा-अकरा वर्षांची असेन. हे मी पार विसरले होते.

ती काय म्हणायची? काहीच नाही. माझा हात धरायची आणि पुढचं कडवं सुरू करायची.

पोरगी सुरेल गाते, खरंच. तिच्या आवाजाने आज मागच्या बाकावरची म्हातारी माणसंसुद्धा उभी राहिली होती. पुढच्या रविवारी माइकपासून दोन पावलं मागे राहीन. हळू म्हणेन, शब्द तर तेच आहेत.

आईच्या झांजा कपाटावर आहेत. दोरी कुजली असेल, उद्या बदलायला हवी.