आईसाठी लोकरीचा थ्रो निवडताना

आईसाठी लोकरीचा थ्रो, म्हणजे सोफ्यावर बसताना अंगावर घ्यायचं छोटं पांघरूण, घ्यायचं ठरवलं तेव्हा मुंबईत लोकर कशाला, असं घरच्यांनीच विचारलं. कारण आमच्या हॉलमधला एसी. बाकीच्यांना उकडतं म्हणून तो दुपारभर चालू असतो आणि आईच्या गुडघ्यांना गार हवा सोसत नाही. रजईत तिला गुदमरतं, फ्लीसच्या, म्हणजे मऊ कृत्रिम कापडाच्या पांघरुणात पायांना घाम येतो. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. आपल्या दमट हवेत मला हाच गुण सगळ्यात मोलाचा वाटतो.

दादरच्या एका प्रदर्शनात विक्रेत्याने शाल अंगठीतून सर्रकन काढून दाखवली. ''ताई, अस्सल पश्मिना!'' पण अंगठीतून बारीक रेशीमही जातं आणि लाकडाच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोसही. लेबलवर नुसतं 'पश्मिना' लिहिलेलं, कुठल्या तंतूचं प्रमाण किती याचा पत्ता नाही. मी गोंड्यातला एक धागा मागितला, त्याने दिलाही. घरी चिमट्यात धरून काडी लावली तर धागा वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी तयार झाला. लोकर अशी वितळत नाही. ती केस जळल्यासारखा वास देते, ज्योत बाजूला नेली की विझते आणि राख बोटांत चुरडते. ही परीक्षा लोकर की कृत्रिम धागा एवढंच सांगते. पश्मिना की साधी मेंढी, हे त्यातून कळत नाही.

काश्मीरचा खरा पश्मिना लडाखच्या चांगथांगमधल्या, ४,००० मीटरहून उंचावर चरणाऱ्या बकऱ्यांच्या आतल्या लोकरीचा. तंतू १२ ते १५ मायक्रॉन जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). काश्मीर पश्मिन्याला २००८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे घ्यायचाच असेल तर त्या लेबलचा घ्यावा. एका दुकानात तसा हातमागाचा तुकडा आईच्या मांडीवर पसरून पाहिला. तिने हात फिरवला आणि बांगडीत धागा अडकला. मी तो अलगद सोडवला आणि पश्मिन्याचा विचार तिथेच संपवला. इतकं नाजूक वस्त्र रोज सोफ्यावर ओढायचं नसतं.

उलट टोकाला आपली घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ, आयुष्यभर टिकणारी. माझा तिच्यावर फार जीव आहे, पण तिचे जाड तंतू आईच्या कातडीला टोचतात. साधारण ३० मायक्रॉनच्या पुढचा तंतू टोचू लागतो. मोहेर, म्हणजे अंगोरा बकरीची लोकर, देखणं, पण केस गळतात. अल्पाका या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याच्या लोकरीचा थ्रो मऊ आणि उबदार, मात्र मला तो ऑनलाइनच दिसत होता आणि हात लावल्याशिवाय लोकर घेणं मला पटत नाही.

शेवटी मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा थ्रो घेतला. तंतू १९-२० मायक्रॉनचा, लेबलवर शंभर टक्के लोकर, वीण घट्ट, कडेला छोटे गोंडे. आईला तो मानेला लावून बसायला सांगितलं. ''काही टोचत नाही गं,'' म्हणाली. मग उजेडाकडे धरून वीण पाहिली, तळव्याने थोडा घासला आणि गोळे येतात का ते बघितलं. मुठीत दाबून सोडल्यावर तो पुन्हा फुलला, हे मला विशेष आवडलं.

पावसाळ्याआधी तो नीट ठेवणं महत्त्वाचं. लोकर खाणाऱ्या कसरीच्या अळ्या घामाच्या, अन्नाच्या डागांकडे आधी वळतात, म्हणून गार पाण्यात लोकरीच्या लिक्विडने धुवायचा, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत आडवा पसरायचा. दोरीवर टांगला तर ओल्या वजनाने लांबतो. पूर्ण वाळल्यावर सुती पिशवीत घालायचा, प्लास्टिकच्या नाही. डांबरगोळ्या कापडाला थेट लागू द्यायच्या नाहीत. पाऊस उघडला की अधूनमधून बाहेर काढून झटकायचा.