पिल्लाला कच्चं मांस द्यायचं, तर आधी हाडांचा हिशेब

कुत्र्याच्या पिल्लाला कच्चं मांस द्यावं का, हा विषय निघाला की चर्चा थेट जंतूंवर जाते. जंतूंचा धोका खरा आहे आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण घरच्या आहारावर वाढणाऱ्या पिल्लांचे पाय वाकतात, त्याचं कारण कॅल्शियम आणि फॉस्फरसचा चुकलेला हिशेब हे असतं. हा हिशेब कच्च्या मांसाला लागू आहे तितकाच उकडलेल्या चिकन-भातालाही लागू आहे.

शंभर ग्रॅम बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस साधारण १८० ते २०० मिलिग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम १०. वाढत्या पिल्लाला मात्र फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच कॅल्शियम लागतं. नुसतं मांस खाणाऱ्या पिल्लाच्या रक्तातलं कॅल्शियम घसरू लागतं. मग गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांमधून कॅल्शियम काढून रक्तातली पातळी टिकवते. म्हणून रक्ततपासणी बऱ्याचदा ठीक येते आणि मालक निर्धास्त राहतो. आत हाडं पातळ होत असतात. पिल्लू जास्त वेळ बसून राहतं, जिना चढायला नको म्हणतं, उचलताना केकाटतं, पंजे पसरट होतात, पुढचे पाय मनगटाशी वाकतात. एक्स-रेमध्ये हाड धूसर दिसतं, आणि पलंगावरून मारलेली साधी उडीही ते मोडायला पुरते. 'रोज पाव किलो चिकन खातो, तरी अशक्त कसा?' असा प्रश्न जिथे पडतो तिथे बहुधा हेच घडत असतं.

याच्या उलट टोकाची चूक आपल्याकडे फार चालते. पिल्लू चांगलं तयार खाद्य खात असतं आणि वरून कॅल्शियमचं सिरप सुरू असतं. सहा महिन्यांखालच्या पिल्लाला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. प्रौढ कुत्र्याचं आतडं गरजेपुरतं घेऊन बाकीचं सोडून देतं. पिल्लाच्या आतड्यातून समोर येईल त्याचा मोठा भाग आत जातोच. नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट विद्यापीठात हर्मन हाझेविंकेल यांनी १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे तपासलं. गरजेच्या तिप्पट कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांच्या हाडांची आणि कूर्चेची वाढ बिघडली. लॅब्रॅडोर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींना कमी आणि जास्त, दोन्ही बाजूंनी फार कमी मोकळीक असते.

आकडा धरायचा तो कॅलरीवर, वजनावर नाही. पिल्लाला दर हजार कॅलरीमागे किमान ३ ग्रॅम कॅल्शियम आणि अडीच ग्रॅम फॉस्फरस हवा. प्रौढपणी ३२ किलो किंवा त्याहून जास्त होणाऱ्या जातींसाठी कॅल्शियमची वरची मर्यादा हजार कॅलरीमागे साडेचार ग्रॅम. दोन्हींचं प्रमाण १:१ च्या खाली जाऊ नये आणि २:१ च्या वर तर मुळीच नाही. मोठ्या जातींसाठी १.२ ते १.४ च्या आसपास ठेवलेलं चांगलं.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. दहा आठवड्यांचं, सहा किलोचं लॅब्रॅडोरचं पिल्लू. त्याला दिवसाला सुमारे ८०० कॅलरी लागतात, म्हणजे २.४ ते ३.६ ग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे २ ग्रॅम फॉस्फरस. दिवसाचं खाणं साधारण अर्धा किलो: थोडी चरबी असलेलं म्हशीचं मांस २२५ ग्रॅम, कोंबडीच्या मांडीचं बिनहाडाचं मांस कातडीसकट १२५ ग्रॅम, कोंबडीची हृदयं ५० ग्रॅम, म्हशीचं किंवा बोकडाचं काळीज २५ ग्रॅम, एक अंडं, आणि उकडून कुस्करलेला लाल भोपळा २५ ग्रॅम. परदेशी पाककृतींत बीफ असतं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी असल्याने इथे त्याजागी म्हशीचं मांस येतं. पोषणात फारसा फरक पडत नाही, फक्त ते कमी चरबीचं असतं, म्हणून कोंबडीची कातडी काढू नका.

या अर्ध्या किलोत कॅल्शियम निघतं ०.०७ ग्रॅम आणि फॉस्फरस ०.९ ग्रॅम. इथे बहुतेक जण अंड्याच्या कवचाची पूड सुचवतात. प्रौढ कुत्र्यासाठी तो उपाय चालतो. पिल्लासाठी तो अपुरा आहे, आणि ही बाब फार कमी ठिकाणी स्पष्ट सांगितलेली आढळते. कवच म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. सहा-सात ग्रॅम पूड घातली की कॅल्शियम २.४ ग्रॅमवर पोचतं, पण फॉस्फरस ०.९ वरच अडकतो. गरजेच्या निम्म्याहूनही कमी, आणि प्रमाण होतं २.७:१. हाड बनतं ते दोन्ही खनिजं मिळून, त्यामुळे पिल्लाला दोन्ही वरून द्यावी लागतात.

म्हणून हाडच हवं, किंवा हाडाची पूड. खाण्यायोग्य, निर्जंतुक केलेल्या बोनमीलमध्ये साधारण २४ ते ३० टक्के कॅल्शियम आणि १२ ते १४ टक्के फॉस्फरस असतो. वरच्या अर्ध्या किलोत ९ ते १० ग्रॅम बोनमील घातलं की कॅल्शियम अडीच-पावणेतीन आणि फॉस्फरस दोन ग्रॅमच्या थोडा वर जातो. हिशेब बसला. डब्यावरचे टक्के वाचून ग्रॅम ठरवा, चमच्याने मापू नका; एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेला डिजिटल वजनकाटा या कामाला लागतोच. नर्सरीत झाडांसाठी मिळणारं बोनमील कधीही वापरू नका. ते खत आहे. त्यात शिसं किंवा इतर काय आहे, हे कोणी खाण्याच्या दृष्टीने तपासलेलं नसतं.

ताजं हाड द्यायचं असेल तर एकूण खाण्याच्या सुमारे १२ टक्के शुद्ध हाड धरा, आणि मग बोनमील पूर्ण बंद. कोंबडीच्या मानेत अंदाजे ३६ टक्के हाड असतं, पंखात ४५, तंगडीत ३०-३३, पायात ६०. अर्ध्या किलोत ६० ग्रॅम हाड यायचं तर सुमारे १७० ग्रॅम माना लागतील आणि तेवढं मांस कमी करावं लागेल. माना घेताना पुढचा गळ्याचा भाग, श्वासनळी आणि तिला चिकटलेलं सगळं काढायला सांगा. थायरॉइड ग्रंथी तिथेच असते. मोठ्या जनावरांचे गळे नियमित खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये थायरॉइड वाढल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत.

लहान पिल्लाला मान अख्खी देऊ नका. ते चावत नाही, गिळतं, आणि तुकडा अन्ननलिकेत अडकतो. खिमा करूनच द्या. घरच्या मिक्सरमध्ये हाड दळायचा प्रयत्न करू नका, पाती जाते आणि टोकदार तुकडे तसेच राहतात. खाटकाकडे खिम्याचं मशीन असेल तर माना दोनदा फिरवून घ्या. बोकडाच्या नळीची आणि मांडीची हाडं खाण्यासाठी नाहीतच. ती चावताना वरची मोठी दाढ उभी चिरते आणि मग भूल देऊन काढावी लागते. शिजवलेलं हाड कोणत्याही वयात, कोणत्याही प्राण्याचं, नाही म्हणजे नाही. शी पांढरी, खडूसारखी आणि कुंथून होत असेल तर हाड जास्त झालंय.

काळजाबाबत दोन गोष्टी. एक, ते पाच टक्क्यांच्या वर नेऊ नका, कारण त्यातलं जीवनसत्त्व अ शरीरात साठतं. दुसरी कमी माहिती असलेली: सगळं काळीज सारखं नसतं. पिल्लाला दिवसाला दोन-सव्वादोन मिलिग्रॅम तांबं लागतं. म्हशीच्या पंचवीस ग्रॅम काळजात ते जवळपास मिळून जातं, कोंबडीच्या तेवढ्याच काळजात जेमतेम ०.१ मिलिग्रॅम. फक्त कोंबडीवर चाललेल्या आहारात जस्ताचंही तसंच होतं. आपल्या उदाहरणातल्या पिल्लाला २० मिलिग्रॅम हवं. वरच्या मिश्रणातून पंधराच्या थोडं वर मिळेल, नुसत्या चिकनमधून त्याच्या निम्मं. कोरडी, केस गळालेली कातडी, नाकाभोवती आणि पंजांवर खपल्या, ही जस्त कमी पडल्याची खूण. मांसात आयोडीन जवळजवळ नसतं आणि मीठ घालून ते भागत नाही, कारण तेवढं मीठ पिल्लाला देताच येणार नाही. मँगनीज आणि जीवनसत्त्व ई सुद्धा कमी पडतात. म्हणून घरच्या आहारासाठी बनवलेलं, कुत्र्यांचं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण लागतं, आणि ते निवडताना एक काळजी: त्यात कॅल्शियम असेल तर तेवढं बोनमीलमधून वजा करा. हा भाग पशुवैद्यकाकडून, शक्य असेल तर आहारतज्ज्ञ पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. 'आठवड्याभरात विविधता आली की सगळं आपोआप भरून निघतं' हे वाक्य पिल्लाच्या बाबतीत मला अजिबात मान्य नाही. चार महिन्यांच्या पिल्लाकडे उणीव सोसायला साठाच नसतो.

आठवड्यातून दोनदा तारली किंवा बांगडा, एका वेळी तीस-चाळीस ग्रॅम, मेंदू आणि डोळ्यांच्या वाढीला लागणाऱ्या ओमेगा-३ साठी. मासा मात्र शिजवूनच द्या. काही कच्च्या माशांत आणि शिंपल्यांत थायामिन (जीवनसत्त्व ब१) नष्ट करणारं द्रव्य असतं. ते गोठवल्याने जात नाही, शिजवल्याने जातं. कच्चं डुक्कर देऊ नका.

आता जंतू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात पाळीव प्राण्यांच्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला. २०१२ मध्येच तिथल्या पशुवैद्यक संघटनेने कच्चं मांस देऊ नये अशी भूमिका घेतली. कुत्रा स्वतः आजारी न पडता हे जंतू विष्ठेतून आणि तोंडातून घरात पसरवू शकतो. डीप फ्रीझरमुळे साल्मोनेला मरत नाही, फक्त वाढ थांबते.

आपल्याकडे त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. बोकड, मेंढी, म्हैस यांच्या फुफ्फुसात आणि काळजात पाण्याने भरलेले फोड दिसले तर त्या हायडॅटिडच्या गाठी असू शकतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात इवले फीतकृमी होतात, आणि त्यांची अंडी पोटात गेलेल्या माणसाच्या यकृतात तशाच गाठी वाढतात. फुफ्फुस कच्चं देऊच नका, काळीज कापून नीट पाहा, आणि जंताच्या औषधात प्राझिक्वांटेल आहे ना हे विचारा. दुसरी गोष्ट बर्ड फ्लूची. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने मेले, आणि संशय त्यांना मिळालेल्या कोंबडीच्या मांसाकडेच गेला. मांजरकुळाला हा विषाणू जास्त घातक असला तरी कुत्र्यांनाही तो होतो. जवळपास लागण असल्याच्या बातम्या असतील त्या काळात कोंबडी शिजवूनच.

माझं मत स्पष्ट आहे: लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, मांस शिजवून द्यावं. घरात लहान मूल, गरोदर बाई, वृद्ध किंवा केमोथेरपी घेणारं कोणी असेल तर त्यानंतरही. वरचंच मिश्रण कच्चं असताना तोला, थोड्या पाण्यात उकडा, पाणी फेकू नका, कोमट झाल्यावर बोनमील आणि खनिज मिश्रण घाला. आठवड्यातल्या दोन वेळच्या माशासह वाढीसाठी जे हवं ते यातून मिळतं. त्यानंतर कच्चं द्यायचंच असेल तर मांस सकाळी घ्या, दिवसाच्या वाट्याचे डबे करून गोठवा, ओट्यावर न ठेवता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या. स्टीलचं भांडं, वीस मिनिटांत उरलेलं उचलायचं, भांडं गरम पाण्याने आणि साबणाने वेगळं धुवायचं.

बदल आठ-दहा दिवसांत करा: पहिले तीन दिवस पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. लस दिल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत नवीन काही सुरू करू नका. एक-दोनदा शी सैल झाली तर चरबी कमी करून पाहा. पण उलट्या, रक्ताची जुलाबं, मलूलपणा दिसला तर अन्नाला दोष देत थांबू नका; त्याच दिवशी पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवावर बेतणाऱ्या विषाणूची, चाचणी करून घ्या.

किती द्यायचं? दोन ते चार महिन्यांत वजनाच्या ८ ते १० टक्के, चार ते सहा महिन्यांत ६ ते ७, पुढे नऊ महिन्यांपर्यंत ५, वर्षापर्यंत ४, आणि वाढ थांबल्यावर २ ते ३. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहापर्यंत तीन, पुढे दोन. हे फक्त सुरुवातीचे आकडे. दर आठवड्याला एकाच दिवशी वजन करा आणि बरगड्यांवरून हात फिरवा: त्या हाताला सहज लागायला हव्यात, डोळ्यांना ठळक दिसू नयेत, आणि वरून पाहताना कंबर दिसावी. मोठ्या जातीचं पिल्लू गुबगुबीत असणं चांगलं लक्षण नाही; जास्तीचं वजन कोवळ्या सांध्यांवर येतं. खाणं कमी करायचं झालं तर सगळं मिश्रण त्याच प्रमाणात कमी करा. नुसतं मांस कमी करून बोनमील तेवढंच ठेवलं तर कॅल्शियम पुन्हा वर जातं. लॅब्रॅडोरसाठी पिल्लाचा हा हिशेब बारा ते पंधरा महिन्यांपर्यंत चालू ठेवा, ग्रेट डेनसाठी दीड वर्ष किंवा त्याहून थोडा जास्त.