केजेपीचे १३ महिने: फुटीर पक्ष कुठे अडतो

प्रादेशिक, मध्यापासून थोडा उजवीकडे झुकलेला आणि मोठ्या पक्षातून फुटून निघालेला छोटा पक्ष म्हटला की आपल्याकडे चर्चा नेत्याच्या मानापमानावर येऊन थांबते. मानापमान असतोच, पण पक्षाचं पुढे काय होणार हे बरंचसं कायदा, चिन्ह, बूथ आणि मतांचा पसारा ठरवतात. त्यासाठी कर्नाटक जनता पक्षाइतकं, म्हणजे केजेपीइतकं, चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. हा पक्ष आपल्या सीमेला लागूनच वाढला आणि सुमारे १३ महिन्यांत मूळ पक्षात परत गेला.

पार्श्वभूमी थोडक्यात. २००८ मध्ये भाजपने २२४ पैकी ११० जागा जिंकून दक्षिणेतलं आपलं पहिलं सरकार आणलं. बेकायदा खाणकामावरचा लोकायुक्तांचा अहवाल आला आणि जुलै २०११ मध्ये बी. एस. येडियुरप्पांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. सदानंद गौडा आले, वर्षभरात जगदीश शेट्टर आले, येडियुरप्पांना मात्र खुर्ची परत मिळाली नाही. ३० नोव्हेंबर २०१२ ला त्यांनी भाजप सोडला आणि ९ डिसेंबरला हावेरीच्या मेळाव्यात केजेपीची धुरा घेतली.

'धुरा घेतली' हा शब्द मुद्दाम वापरला, कारण केजेपी त्यांनी शून्यातून नोंदवला नव्हता. तो आधीच नोंदलेला पक्ष होता. यामागचं गणित साधं आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९अ प्रमाणे नवा पक्ष नोंदवायचा तर स्थापनेपासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. सोबत पक्षाची घटना लागते, किमान १०० सदस्य मतदार असल्याचा पुरावा आणि त्यांची प्रतिज्ञापत्रं लागतात. मग वर्तमानपत्रांत जाहीर सूचना, हरकतींसाठी मुदत, निवडणूक आयोगाच्या शंका, त्यांची उत्तरं. निवडणूक पाच महिन्यांवर असताना एवढा वेळ कुणाकडे असतो? म्हणून तयार नोंदणीचा पक्ष घेतला जातो. यात धोका एकच, पण मोठा: आयोगाच्या दप्तरी पदाधिकारी म्हणून ज्यांची नावं आहेत, कागद त्यांचा असतो. लोकप्रिय नेता एकीकडे आणि कागद दुसरीकडे राहिला, तर भांडण नको त्या वेळी उभं राहतं. त्यामुळे तयार पक्ष घेताना घटनेतली दुरुस्ती, नवी कार्यकारिणी आणि आयोगाला कळवल्याची पोच, हे तिन्ही प्रवेशाच्या सभेआधी हातात असायला हवं.

दुसरा अडथळा आमदारांचा. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीपूर्वी एक-तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती कायदेशीर 'फूट' ठरायची. दहाव्या अनुसूचीतला, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातला, तो परिच्छेद या दुरुस्तीने काढून टाकला गेला. आता दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाचीच वाट उरली आहे. भाजपचे दोन-तृतीयांश आमदार येडियुरप्पांसोबत जाणं शक्यच नव्हतं. मग राजीनामा देऊन या, नाहीतर मनाने इकडे आणि कागदावर तिकडे राहा. दुसरी वाटही तितकीशी सुरक्षित नाही. राजीनामा न देताही नुसत्या वागण्यावरून सदस्यत्व सोडल्याचं मानता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये रवी नाईक प्रकरणात सांगितलं. ते प्रकरण गोव्यातलं, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगोप) आमदारांचं होतं. पक्षांतर कायद्याचा अभ्यास गोव्याला वगळून होतच नाही. जानेवारी २०१३ मध्ये येडियुरप्पांचे समर्थक मंत्री शोभा करंदलाजे आणि सी. एम. उदासी यांनी मंत्रिपद आणि आमदारकी दोन्ही सोडली. मला हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. पण त्याची किंमत अशी की ऐन निवडणुकीआधी हातातली सत्ता, अधिकाऱ्यांशी असलेला संपर्क आणि मतदारसंघातली कामं, सगळंच सुटतं.

मग चिन्ह. मान्यता नसलेल्या पक्षाला राखीव चिन्ह नसतं. निवडणूक आयोगाच्या चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १०ब खाली आगाऊ अर्ज केला आणि ठरावीक प्रमाणात, विधानसभेसाठी किमान ५ टक्के, जागा लढवल्या तर सर्व उमेदवारांना एकच मुक्त चिन्ह मिळू शकतं. केजेपीला नारळ मिळाला. घराघरात ओळखीचं आणि पूजेतलं चिन्ह, म्हणजे नशीब चांगलंच म्हणायचं. तरीही ज्या मतदाराने वर्षानुवर्षं कमळावर बोट ठेवलं, त्याला पाच महिन्यांत नारळ शोधायला शिकवणं सोपं नसतं. नेता माहीत असतो, सभेला गर्दी होते, पण यंत्रासमोर जुनी सवय जिंकते.

खरी गोची बूथवर झाली. केजेपीने दोनशेहून अधिक जागा लढवल्या. एका मतदारसंघात सुमारे दोनशे मतदान केंद्रं धरली तरी चाळीस हजार एजंट लागतात. शिवाय मतदार यादीचा पान-पान हिशेब ठेवणारी माणसं हवीत आणि मोजणीच्या प्रत्येक टेबलावर एक प्रतिनिधी हवा. भाजपमध्ये हे काम करणारा कार्यकर्ता संघाच्या शिस्तीतला होता, तो जागचा हलला नाही. येडियुरप्पांसोबत आले ते स्थानिक पुढारी, सहकारातली माणसं आणि लिंगायत समाजातला त्यांचा वैयक्तिक गोतावळा.

८ मे २०१३ च्या विधानसभा निकालाचे आकडे नीट वाचा. भाजप ३३.८६ टक्क्यांवरून १९.८९ वर आला आणि जागा ११० वरून ४०. केजेपीला ९.७९ टक्के मतं आणि फक्त ६ जागा. भाजपमधूनच फुटलेल्या श्रीरामुलूंच्या बीएसआर काँग्रेसने आणखी पावणेतीन टक्क्यांच्या आसपास मतं आणि ४ जागा नेल्या. तिघांची बेरीज साधारण ३२.४ टक्के, म्हणजे २००८ च्या भाजपपेक्षा जेमतेम दीड टक्का कमी. काँग्रेसची मतं ३४.७६ वरून ३६.५९ वर गेली, दोन टक्केसुद्धा वाढली नाहीत. जागा मात्र ८० वरून १२२ झाल्या. मतदार फारसा हललाच नव्हता, घर वाटलं गेलं होतं.

जवळपास दहा टक्के मतं आणि ६ जागा, असं का? २००९ मध्ये मनसेने १४३ जागा लढवून ५.७१ टक्के मतांत १३ आमदार आणले, कारण ती मतं मुंबई-ठाणे-नाशिक पट्ट्यात एकवटलेली होती. केजेपीची मतं बिदरपासून शिवमोग्ग्यापर्यंत पातळ पसरली. असंख्य ठिकाणी भाजपला पाडण्याइतकी, स्वतः जिंकण्याइतकी नाहीत. माझ्या मते केजेपीची सगळ्यात मोठी चूक हीच. साठ-सत्तर जागा निवडून तिथेच माणसं, पैसा आणि नेत्याचे दिवस ओतले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं. पण दोनशे उमेदवार उभे केले नाहीत तर 'पर्याय' म्हणून कोण मोजणार, ही भीती प्रत्येक फुटीर नेत्याला असते. गुजरातेत २०१२ मध्ये केशुभाई पटेलांच्या परिवर्तन पक्षाचंही तेच झालं: साडेतीन टक्क्यांच्या वर मतं, जागा दोन.

जिंकलेल्या सहा जागांत शिकारीपुरा येडियुरप्पांची स्वतःची. बाकी हिरेकेरूर, शहापूर, बैलहोंगल, आळंद आणि बिदर. शेवटच्या तिन्ही जागा महाराष्ट्राला लागून असलेल्या जिल्ह्यांतल्या. उदासी हनगलमध्ये आणि करंदलाजे बंगळुरूच्या राजाजीनगरमध्ये पडल्या.

६ टक्के मतं आणि २ आमदार ही राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळण्याची एक अट आहे, ती केजेपीने सहज ओलांडली होती. म्हणजे पक्ष चालवता आला असता. पण धोरणात भाजपहून वेगळं सांगण्यासारखं फार थोडं होतं. स्वतंत्र कृषी अर्थसंकल्पाची आठवण आणि कन्नड अभिमान एवढ्यावर पाच वर्षं विरोधी बाकांवर संघटना टिकत नाही. भाजपलाही लोकसभेआधी ते दहा टक्के हवेच होते. जानेवारी २०१४ मध्ये विलीनीकरण झालं, मे महिन्यात भाजपने २८ पैकी १७ जागा जिंकल्या. येडियुरप्पा शिवमोग्ग्यातून आणि करंदलाजे उडुपी-चिक्कमगळूरमधून खासदार झाले.

सहा आमदारांचे दोन-तृतीयांश म्हणजे चार. एवढे आले की विलीनीकरण कायद्यात बसतं. आळंदचे बी. आर. पाटील मात्र भाजपमध्ये गेले नाहीत. २०२३ च्या विधानसभेत ते काँग्रेसकडून निवडून आले, आणि हिरेकेरूरचे यू. बी. बणकारही काँग्रेसच्याच चिन्हावर.